पिल्लू म्हणजे लहान कुत्रा नव्हे: कुत्र्या-मांजरांच्या वाटीचा दोन हजार वर्षांचा इतिहास

१/
कुत्र्या-मांजराच्या तयार खाद्याची पिशवी उलटून पाहिली, तर बारीक अक्षरांत एक ओळ सहसा आढळते : हे अन्न वाढीच्या वयासाठी आहे की प्रौढ प्राण्यासाठी. ओळ साधी दिसते. परंतु ती खात्रीने लिहिता येईल एवढे ज्ञान माणसाला मिळण्यास दोन हजार वर्षे लागली, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा पिल्लांनी मोजली. वाकलेले पाय, अंध झालेली मांजरे, फुगून दुबळी झालेली हृदये : त्या एका ओळीमागे एवढे सगळे आहे.

२/
आरंभ रोमपासून करावा लागतो. इ. स. पूर्व ३७ च्या सुमारास मार्कुस टेरेन्टियुस व्हॅरो या विद्वानाने शेतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात मेंढपाळाच्या कुत्र्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. कुत्र्याला काय घालावे? सातूची भाकरी दुधात भिजवून. महाराष्ट्रातील कोणत्याही मेंढपाळाला ही वाटी ओळखीची वाटेल. मेलेल्या मेंढीचे मांस मात्र देऊ नये, असे व्हॅरो बजावतो; एकदा ती चव लागली, की राखणदाराचा हात जिवंत कळपावरही पडायचा. शिवाय हाडांचा रस्सा आणि फोडलेली हाडेही द्यावीत, म्हणजे दात बळकट होतात.

३/
याच प्रकरणात वयानुसार आहाराचा विचार डोकावतो. व्यालेल्या कुत्रीला गव्हाऐवजी सातूची भाकरी द्यावी, कारण त्याने दूध अधिक येते, असे व्हॅरो सांगतो. वेत मोठे असेल, तर सगळी पिल्ले ठेवू नयेत. जितकी कमी, तितके प्रत्येकाच्या वाट्याला दूध जास्त. पहिले दोन महिने पिल्लांना आईपासून तोडू नये, आणि नंतरही दूध हळूहळू सोडवावे. आजचा पशुवैद्यही अंगावरचे दूध एकदम तोडू नका, असेच सांगतो.

४/
पुढच्या शतकात कोलुमेल्ला या दुसऱ्या रोमन कृषिलेखकाने त्यात भर घातली. मोठ्या कुत्र्यांना सातूचे पीठ आणि दुधाची निवळ. जिथे गुरे नाहीत तिथे गव्हाची भाकरी आणि शिजवलेल्या बाकला जातीच्या कडधान्याचे कोमट पाणी. पिल्लांना परक्या कुत्रीच्या अंगावर पाजू नये, आईचेच दूध वाढीला उत्तम. ते आटलेच, तर पिल्लू चार महिन्यांचे होईपर्यंत बकरीचे दूध द्यावे.

५/
म्हणजे दूध पिणारे पिल्लू, वाढते पिल्लू, प्रौढ राखणदार आणि दूध पाजणारी आई यांची भूक एकसारखी नसते, हे रोमन शेतकऱ्याला निरीक्षणाने ठाऊक होते. कारण मात्र ठाऊक नव्हते. आणि या सगळ्या विचारात मांजराला जागाच नव्हती. मांजराने आपले पोट उंदरांवर भरावे, अशीच जगभरच्या शेतकऱ्यांची अपेक्षा होती. ही उपेक्षा पुढे फार महागात पडणार होती.

६/
आता थेट एकोणिसाव्या शतकातील लंडन. शेतावरचा प्राणी शहरातल्या घरात आला होता, आणि घरात उंदीर पुरेसे नव्हते. तेव्हा एक नवा फेरीवाला उदयास आला : मांजरांचे मांस विकणारा. कामातून गेलेल्या घोड्यांचे मांस उकडून, तुकडे काठ्यांना टोचून तो दारोदार विकत असे. लंडनच्या श्रमिकांवर लिहिणाऱ्या हेन्री मेह्यू या पत्रकाराने १८५१ मधील आपल्या ग्रंथात या फेरीवाल्यांची सविस्तर नोंद केली आहे. काठीवरचा तुकडा बोक्यासाठी, गाभण मांजरीसाठी आणि पिल्लासाठी एकच होता.

७/
१८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट हा अमेरिकन गृहस्थ लंडनला आला. त्याचा धंदा वीजवाहक सळया विकण्याचा. गोदीवर खलाशांची उरलेली कडक बिस्किटे भटके कुत्रे चावून खात असल्याचे त्याने पाहिले आणि त्यातून त्याला कल्पना सुचली, अशी कथा सांगितली जाते. गहू, बीट, इतर भाज्या आणि वाळवलेले गोमांस यांपासून त्याने कुत्र्यांचे बिस्किट बनवले. कारखान्यात तयार होऊन नाव घेऊन विकले जाणारे प्राण्यांचे अन्न इथून सुरू झाले.

८/
बिस्किट स्वस्त नव्हते. गिऱ्हाईक होते शिकारी कुत्रे आणि प्रदर्शनातले कुत्रे बाळगणारे सधन लोक. याच कंपनीत नोकरीस लागलेल्या चार्ल्स क्रफ्ट या तरुणाने पुढे १८९१ मध्ये स्वतःच्या नावाचे कुत्र्यांचे प्रदर्शन भरवले. ते आजही भरते. कंपनीने पिल्लांसाठी वेगळे अन्नही बाजारात आणले. इतिहासाच्या दृष्टीने ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे : 'पिल्लांसाठी' ही पाटी आधी आली. पिल्लाला नेमके वेगळे काय लागते, याचे शास्त्र तेव्हा जन्मालाही आले नव्हते.

९/
त्या शास्त्राची पहिली चाहूल लागली ती लंडनच्या प्राणिसंग्रहालयात, आणि तीही मांजरकुळातील सर्वांत मोठ्या प्राण्यांपैकी एकाच्या पिल्लांत. तिथे सिंहाचे छावे जगत नव्हते. त्यांना मुडदूस होत असे. हाडे मऊ पडत, पाय वाकत. १८८९ मध्ये जॉन ब्लँड-सटन या शल्यचिकित्सकाने त्यांचा आहार पाहिला. त्यांना घोड्याचे चरबीविरहित मांस दिले जात होते, हाडे जवळजवळ नाहीतच. त्याने दूध, हाडांची पूड आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल सुरू करवले. छावे सुधारले.

१०/
उपाय सापडला होता, पण तो का लागू पडला हे कुणी सांगू शकत नव्हते. आणि प्रश्न केवळ छाव्यांचा नव्हता. धुराने काळवंडलेल्या औद्योगिक शहरांत माणसांची मुलेही मुडदुसाने वाकत होती. कुणी म्हणे कोंदट हवा, कुणी म्हणे व्यायामाचा अभाव, कुणी म्हणे अस्वच्छता. आहाराचे नाव घेणारेही होते, पण पुरावा नव्हता. हा पुरावा शेवटी कुत्र्यांच्या पिल्लांनी दिला. स्वेच्छेने नव्हे.

११/
पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन समितीने एडवर्ड मेलनबी या शास्त्रज्ञाकडे मुडदुसाचे काम सोपवले. त्याने पिल्ले बंदिस्त ठेवली आणि त्यांना मुद्दाम गरिबांच्या ताटासारखा आहार दिला : पाव किंवा ओटची लापशी, आणि साय काढलेले दूध. पोट भरत होते, वजन वाढत होते, तरी काही आठवड्यांत पाय वाकले. तोच आहार, पण सोबत कॉड माशाच्या यकृताचे तेल मिळालेल्या पिल्लांची हाडे सरळ राहिली. १९१९ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

१२/
मेलनबीला वाटले, की गुण 'अ' जीवनसत्त्वाचा असावा. अमेरिकेत एल्मर मॅककॉलम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्या तेलात गरम हवा सोडून त्यातील 'अ' नष्ट केले. तरीही तेल मुडदूस बरा करीतच राहिले. म्हणजे त्यात आणखी काहीतरी होते. १९२२ मध्ये त्याचा शोध जाहीर झाला आणि त्याला 'ड' हे नाव मिळाले. चमचाभर कडू वासाच्या तेलाने पुढे असंख्य मुलांचे पाय सरळ ठेवले. प्रयोगशाळेतल्या त्या पिल्लांची नावे मात्र कुठल्याही शोधनिबंधात नाहीत.

१३/
या कथेला एक उत्तरार्ध आहे. माणसाच्या मुलाला ऊन मिळाले, तर त्याची त्वचा स्वतःच 'ड' जीवनसत्त्व तयार करते. म्हणून बऱ्याच काळ कुत्र्यांविषयीही तसेच गृहीत धरले गेले. विसाव्या शतकाच्या अखेरीस नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखवून दिले, की कुत्र्या-मांजरांच्या त्वचेत हे काम जवळजवळ होतच नाही. त्यांना 'ड' अन्नातूनच मिळावे लागते. केवळ दूध-पोळी खाणारे पिल्लू अंगणात कितीही उन्हे खात लोळले, तरी ती उणीव भरून निघत नाही.

१४/
मग मांस भरपूर दिले म्हणजे झाले? विसाव्या शतकाच्या मध्यास नेमकी हीच चूक घडली. हौशी मालक मांजराच्या पिल्लांना प्रेमाने शुद्ध मांस किंवा बैलाचे हृदय खाऊ घालत, आणि पिल्लांची हाडे उडी मारतानाच मोडत. सुरुवातीला हा सयामी मांजरांचा आनुवंशिक दोष मानला गेला. खरे कारण ताटात होते. स्नायूंच्या मांसात फॉस्फरस भरपूर, पण कॅल्शियम नाममात्र असते. रक्तातील तूट भरून काढण्यासाठी शरीर स्वतःचीच हाडे झिजवते. रानमांजर उंदीर हाडांसकट खाते, म्हणून तिच्या पिल्लांवर ही वेळ येत नाही.

१५/
प्रौढ मांजर हाच आहार काही काळ सोसू शकते, कारण त्याचा सांगाडा बांधून झालेला असतो. पिल्लाचा सांगाडा रोज बांधला जात असतो. एकच वाटी एकाला चालते आणि दुसऱ्याला मोडते, ती या फरकामुळे. व्हॅरोने जे नुसते पाहिले होते, त्याचे कारण आता हाती आले : पिल्लू ही प्रौढाची छोटी प्रतिकृती नव्हे. त्याला आपल्या वजनाच्या मानाने ऊर्जा, प्रथिने आणि खनिजे कितीतरी अधिक लागतात, आणि तीही योग्य प्रमाणात.

१६/
१९५३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने कुत्र्यांच्या पोषणगरजांची पुस्तिका काढली. १९५७ मध्ये प्युरिना कंपनीने न्याहारीच्या धान्यपदार्थांचे यंत्रतंत्र वापरून फुलवलेले, कोरडे कुत्र्यांचे अन्न बाजारात आणले. पिशवी फोडा, वाटीत ओता. घरची चूल या व्यवहारातून बाहेर पडली. सोय मोठी होती, पण धोकाही तेवढाच. घरच्या स्वयंपाकातील चूक एका प्राण्याला बाधते. कारखान्याच्या पाककृतीतील चूक एकाच वेळी लाखोंच्या वाटीत पोहोचते.

१७/
ती चूक मांजराच्या बाबतीत झाली. मांजर म्हणजे लहान कुत्रा, असे पुष्कळांना वाटे. घरात दोन्ही असतील, तर एकाच डब्यातले अन्न दोघांना. १९७५ मध्ये के. सी. हेज आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवले, की टॉरिन या घटकाच्या अभावी मांजराचे दृष्टिपटल झिजत जाते. १९७८ मध्ये कुत्र्यांचे अन्न खाऊन अंध होणाऱ्या मांजरांची नोंद प्रसिद्ध झाली. कुत्रा सहसा टॉरिन स्वतः तयार करतो. मांजराचे शरीर ते पुरेसे करू शकत नाही. त्याला ते प्राणिज अन्नातूनच हवे.

१८/
पण खरा धक्का पुढे होता. १९८० च्या दशकात अनेक पाळीव मांजरे हृदयविकाराने मरत होती : हृदयाचा स्नायू पातळ, कक्ष फुगलेले. उपाय नाही, असेच मानले जाई. कॅलिफोर्नियातील डेव्हिस विद्यापीठात पॉल पायन या तरुण पशुवैद्याने अशा मांजरांच्या रक्तातील टॉरिन मोजले. ते अत्यल्प निघाले. टॉरिन देताच हृदये पूर्ववत होऊ लागली. १९८७ मध्ये हा शोध 'सायन्स'मध्ये आला.

१९/
ही मांजरे उपाशी नव्हती, उकिरड्यावरचे खाणारी नव्हती. नामांकित कारखान्यांचे, त्या काळच्या शिफारशीइतके टॉरिन असलेले अन्न त्यांना मिळत होते. आकडा कागदावर बरोबर होता, मांजराच्या आतड्यात मात्र अपुरा पडत होता. विशेषतः डबाबंद अन्नातील प्रक्रियेमुळे आतड्यातील जिवाणू टॉरिनचा अधिक नाश करीत. म्हणून आज कोरड्या अन्नात किमान ०.१ टक्के, तर डबाबंद अन्नात त्याच्या दुप्पट टॉरिनचा दंडक आहे. कंपन्यांनी प्रमाण वाढवले, आणि हा आजार झपाट्याने विरळ झाला.

२०/
याच काळात आणखी एक गोष्ट उघड झाली. टॉरिन कमी मिळालेली मांजरी स्वतः धडधाकट दिसे, पण तिचे गर्भ गळून पडत, पिल्ले मेलेली किंवा दुर्बळ जन्मत, आणि जगलेल्यांची वाढ खुंटे. म्हणजे पिल्लाच्या आहाराचा आरंभ पिल्लाच्या वाटीपासून होत नाही; तो गाभण आईच्या वाटीपासून होतो. दूध पाजताना तर आईची ऊर्जेची गरज एरवीच्या दुप्पट, आणि मोठे वेत असेल तर त्याहूनही बरीच अधिक होते. व्यालेल्या कुत्रीची वेगळी काळजी घेणारा रोमन मेंढपाळ इथे अगदीच चुकला नव्हता.

२१/
इथवरचा इतिहास उणिवांचा होता. आता उलट बाजू. संपन्न देशांत मालकांना वाटू लागले, की मोठ्या जातीच्या पिल्लाला जितके अधिक घालावे तितके ते भव्य होईल. १९७४ मध्ये स्वीडिश पशुवैद्य ओके हेडहॅमर आणि कॉर्नेल विद्यापीठातील सहकाऱ्यांनी ग्रेट डेन जातीची पिल्ले घेतली. एका गटाला पौष्टिक अन्न मनसोक्त, दुसऱ्याला तेच अन्न मोजून. मनसोक्त खाणारी पिल्ले भराभर वाढली, आणि त्यांचीच हाडे व सांधे बिघडले.

२२/
आरोपी कोण, यावर बराच खल झाला. पहिला संशय प्रथिनांवर गेला. नेदरलँड्समधील उट्रेख्त विद्यापीठात हॅझेविंकेल आणि सहकाऱ्यांनी ग्रेट डेन पिल्लांना तिप्पट कॅल्शियम देऊन पाहिले. १९८५ मध्ये त्यांनी दाखवले, की जादा कॅल्शियमनेच सांगाड्याची वाढ बिघडते. कोवळे पिल्लू आतड्यातून येणारे कॅल्शियम प्रौढासारखे अडवू शकत नाही. पुढच्या प्रयोगांत प्रथिने निर्दोष ठरली. चांगल्या पिल्लाहारावर 'हाडे मजबूत व्हावीत' म्हणून वरून कॅल्शियमचे औषध पाजणारा मालक अशा रीतीने नकळत अपायच करीत असतो.

२३/
म्हणूनच अमेरिकेच्या खाद्यनियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेने, म्हणजे आफ्कोने, वाढत्या कुत्र्यांच्या अन्नात कॅल्शियमची किमान मर्यादा घातली, तशी कमालही घातली. प्रौढपणी सुमारे ३२ किलो किंवा अधिक भरणाऱ्या जातींच्या पिल्लांसाठी ती कमाल मर्यादा १.८ टक्के, इतरांसाठी २.५ टक्के. प्रथिनांची किमान पातळी प्रौढ कुत्र्यासाठी १८ टक्के, तर वाढत्या पिल्लासाठी २२.५, मांजरांत हेच आकडे २६ आणि ३०. पिशवीवरच्या त्या बारीक ओळीमागे हे आकडे उभे आहेत.

२४/
प्रौढ वयाचा धडा सर्वांत साधा निघाला. १९८७ मध्ये प्युरिनाच्या संशोधकांनी ४८ लॅब्रॅडोर पिल्लांच्या जोड्या लावल्या. जोडीतील दोघे एकाच वेतातले. अन्न एकच, फक्त एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी, आणि तेही आयुष्यभर. २००२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. भरपूर खाणाऱ्या गटाचे मध्यक आयुष्य ११.२ वर्षे, मोजून खाणाऱ्यांचे १३ वर्षे. कमी खाणाऱ्यांत संधिवातही उशिरा दिसू लागला. कुत्र्याच्या आयुष्यात पावणेदोन वर्षे म्हणजे फार मोठा काळ.

२५/
वार्धक्याविषयी शास्त्र अजून पूर्ण बोललेले नाही. 'ज्येष्ठ' असे लिहिलेली अन्ने बाजारात पुष्कळ असली, तरी आफ्कोच्या मानकांत टप्पे दोनच आहेत : वाढ व प्रजनन, आणि प्रौढांचे पालनपोषण. म्हाताऱ्या प्राण्याची प्रथिने सरसकट तोडावीत, हा जुना समज मागे पडला आहे. निरोगी वृद्ध कुत्र्याचा स्नायू टिकायला ती हवीतच. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर गोष्ट निराळी, आणि तो निर्णय तपासणीनंतर पशुवैद्याचा. इथे पुन्हा एकदा पाटी शास्त्राच्या पुढे चालते आहे, स्प्रॅटच्या दुकानात चालली होती तशीच.

२६/
या दोन हजार वर्षांत ज्यांच्यामुळे प्राण्यांचे नुकसान झाले, त्यांतले बहुतेक निर्दय नव्हते. छाव्यांना मांस घालणारा रखवालदार, पिल्लाला हृदयाचे तुकडे भरवणारी मालकीण, ग्रेट डेनची वाटी पुन्हा पुन्हा भरणारा हौशी माणूस : सगळ्यांनी मायेनेच वाढले. माया होती, माप नव्हते. म्हणून घरात पिल्लू आले, की त्याचा प्राणी कोणता, वय किती, मोठेपणी वजन किती होणार आणि आज वजन किती, एवढे चार प्रश्न वाटी भरण्यापूर्वी विचारावेत. त्यांची उत्तरे मिळवताना कितीतरी पिल्लांचे पाय वाकले आहेत.